ब्रिटिश पार्लमेंटाची कोंडी

राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना एका जुन्या प्रश्नानें कधींच स्वस्थ बसूं दिलेलें नाहीं. राज्य लोकांचें आहे हें एकदां मान्य केलें, म्हणजे लोकांची इच्छा जाणावयाची कशी, आणि जाणल्यावर ती अमलांत आणावयाची कोणीं? एरवीं हा प्रश्न ग्रंथांच्या पानांत निजलेला असतो. निवडणुका होतात, मंत्रिमंडळें येतात व जातात, कायदे होतात. आणि मतदार व त्याचा प्रतिनिधि यांचें नातें एखाद्या जुन्या संसारासारखें फारशी वाच्यता न होतां चालूं राहतें. परंतु इ. स. २०१६ ते २०१९ या काळांत, ज्या देशाला पार्लमेंटांची जननी म्हणण्याचा परिपाठ आहे, त्याच देशांत हा प्रश्न पुस्तकांतून उठून भर सभागृहांत येऊन उभा राहिला. लोकांनीं युरोपीय संघांतून बाहेर पडण्याचा कौल दिला होता. लोकांनींच निवडलेल्या सभासदांना तो कौल अमलांत आणण्याचा एकहि मार्ग पसंत पडेना. साडेतीन वर्षें, दोन सार्वत्रिक निवडणुका आणि दोन मुख्य प्रधानांचीं पदें खर्चीं पडल्यावर ती कोंडी फुटली.

दुरून पाहणाराला त्यांत तमाशा दिसला असल्यास नवल नाहीं. रात्रीबेरात्रीं मतमोजणी, अध्यक्षांच्या आरोळ्या, आज राजीनामा दिलेले मंत्री उद्यां विरोधी भाषणें करतांना दिसत आहेत, असा तो देखावा होता. परंतु ज्या राष्ट्रानें आपली राज्यघटना बनवितांना याच पार्लमेंटाचा धडा समोर ठेविला, त्या राष्ट्राच्या सुशिक्षितांनीं हंसून मोकळें होणें आम्हांस उचित वाटत नाहीं. दाराचा बिजागरा शेजाऱ्याच्या घरीं कां गंजला हें पाहून ठेवणें आपल्याच हिताचें असतें. म्हणून ही कोंडी कशी उत्पन्न झाली, ती इतके दिवस कां टिकली, आणि तिचा दोष खरोखर कोणाच्या माथीं येतो, एवढ्या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांतील राष्ट्रांनीं परस्परांचा व्यापार एकत्र गुंफण्यास आरंभ केला तेव्हां ब्रिटन बाजूला उभें राहिलें. पुढें आंत येण्याची इच्छा झाली, तर फ्रान्सच्या द गॉल यांनीं १९६३ सालीं व पुन्हां १९६७ सालीं दार लावून घेतलें. अखेर एडवर्ड हीथ मुख्य प्रधान असतां १ जानेवारी १९७३ रोजीं ब्रिटनचा प्रवेश झाला. दोनच वर्षांनीं, म्हणजे जून १९७५ मध्यें, मजूर पक्षाचे हॅरॉल्ड विल्सन यांनीं राहावें कीं जावें यावर देशव्यापी सार्वमत घेतलें. त्यांच्या मंत्रिमंडळांतहि या प्रश्नावर फूट होती, आणि घरांतील भांडण अंगणांत नेऊन लोकांकडून मिटवून घ्यावें हा त्यामागचा उघड हेतु होता. त्या वेळीं शेंकडा ६७ मतें राहण्याच्या बाजूनें पडलीं आणि भांडण तात्पुरतें मिटलें. हीच युक्ति चाळीस वर्षांनीं हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरॉन यांनीं योजिली. फरक इतकाच कीं या खेपेस पांसा उलटा पडला.

२३ जून २०१६ रोजीं झालेल्या सार्वमतांत १,७४,१०,७४२ मतें बाहेर पडण्याच्या बाजूस आणि १,६१,४१,२४१ मतें राहण्याच्या बाजूस पडलीं. शेंकडेवारीनें हें प्रमाण ५१·९ व ४८·१ असें होतें. इंग्लंड व वेल्स यांनीं बाहेरचा कौल दिला. स्कॉटलंडनें व उत्तर आयर्लंडनें राहण्याचा दिला. म्हणजे चार प्रांतांचें हें संयुक्त राज्यच दुभंगलें. तथापि आमच्या मतें कोंडीचें मूळ या निसटत्या बहुमतांत नव्हतें. बहुमत तें बहुमत. तें थोडें असलें म्हणून खोटें ठरत नाहीं. मूळ होतें तें विचारलेल्या प्रश्नांत. युरोपीय संघाचें सभासद राहावें कीं संघ सोडावा, एवढाच तो प्रश्न होता. यांपैकीं राहण्याचा अर्थ एकच होता, आणि तो प्रत्येकाला रोजच्या व्यवहारांतून ठाऊक होता. सोडण्याचे अर्थ मात्र निदान चार होते. नॉर्वेप्रमाणें संघाबाहेर राहूनहि त्याच्या सामाईक बाजारपेठेंत राहतां येत होतें. तुर्कस्तानाप्रमाणें केवळ जकातीपुरतें एकत्र राहतां येत होतें. कॅनडाप्रमाणें दूर राहून व्यापाराचा तह करतां येत होता. आणि कोणताच करार न करतां सरळ उठून जातां येत होतें. मतपत्रिकेवर यांतील एकाचाहि उल्लेख नव्हता.

एका कुटुंबाचें उदाहरण घेऊं. पांच भाऊ एका वाड्यांत राहतात. वाडा सोडावा असें तिघांचें मत पडलें, राहावें असें दोघांचें. येथवर निर्णय स्पष्ट आहे. पण त्या तिघांपैकीं एकाला शहरांत बिऱ्हाड करावयाचें आहे, दुसऱ्याला मळ्यावर घर बांधावयाचें आहे, आणि तिसऱ्याला याच अंगणांत मधें भिंत घालून वेगळी चूल मांडावयाची आहे. आतां कोठें जावयाचें असें विचारतांच प्रत्येक ठिकाणाला एकेकच मत मिळतें. आणि राहण्याला अजूनहि दोन मतें आहेतच. वाडा सोडण्यास बहुमत आहे, परंतु कोठेंहि जाण्यास बहुमत नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटाची स्थिति याहून फारशी निराळी नव्हती. मतदारांनीं क्रियापद दिलें होतें. वाक्य पुरें करण्याचें काम सभासदांवर सोंपविलें होतें.

येथें आपल्याच भूमीवरील एका सार्वमताचें स्मरण होतें. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोव्यांत जनमतकौल घेण्यांत आला. प्रश्न आपल्याला जिव्हाळ्याचा होता: गोवा महाराष्ट्रांत विलीन करावा, कीं केंद्रशासित प्रदेश म्हणून निराळा ठेवावा? विलीनीकरणास १,३८,१७० मतें मिळालीं, निराळें राहण्यास १,७२,१९१. निकाल अनेक मराठी मनांना लागला. पण त्याचा अर्थ काय, याविषयीं दुसऱ्या दिवशीं कोणालाहि शंका उरली नाहीं. कारण दोन्ही पर्याय डोळ्यांसमोर उभे होते. महाराष्ट्र राज्य काय आहे हें माहीत होतें, केंद्रशासित प्रदेश म्हणजे काय हेंहि माहीत होतें. विलीनीकरणाचे पुरस्कर्ते भाऊसाहेब बांदोडकर यांचें मंत्रिमंडळ कौलापूर्वीं पायउतार झालें होतें. कौल विरुद्ध गेल्यावर त्याच वर्षीं झालेल्या निवडणुकींत त्यांचा पक्ष पुन्हां अधिकारावर आला, आणि त्यानें निराळ्या गोव्याचा कारभार चालविला. सार्वमत हें साधन मुळांतच वाईट आहे असें जे म्हणतात त्यांस हें उदाहरण पाहण्यासारखें आहे. दोन निश्चित वस्तूंमधून एक निवडण्यास लोकांस सांगितलें तर लोक निवड करूं शकतात. एक निश्चित वस्तु व दुसरी नुसती आशा यांत निवड करावयास सांगितलें, तर आशेचा अर्थ लावण्याचें भांडण मागें उरतें.

आतां पार्लमेंटाकडे वळूं. कॅमेरॉन पायउतार झाले व १३ जुलै २०१६ रोजीं थेरेसा मेबाई मुख्य प्रधान झाल्या. संघ सोडण्याची नोटीस आपण राजसत्तेच्या परंपरागत अधिकारांत देऊं शकतों असें सरकारचें म्हणणें होतें. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१७ मध्यें आठ विरुद्ध तीन अशा मतानें तें अमान्य केलें व पार्लमेंटाचा कायदा आवश्यक ठरविला. कायदा झाला, आणि २९ मार्च २०१७ रोजीं नोटीस गेली. तिच्याबरोबर एक घड्याळ चालूं झालें: संघाच्या तहनाम्यांतील पन्नासाव्या कलमाप्रमाणें दोन वर्षांत करार न झाल्यास सभासदत्व आपोआप संपावयाचें होतें. घड्याळ चालूं असतांच मेबाईंनीं मुदतीपूर्वीं निवडणूक घेतली. अपेक्षा मोठ्या बहुमताची होती. हातचें होतें तेंहि गेलें. ३१७ जागा पदरांत पडल्या, आणि उत्तर आयर्लंडमधील लोकशाही संघवादी पक्षाच्या दहा सभासदांच्या टेकूवर सरकार उभें राहिलें. देशांतील सर्वांत बिकट प्रश्न सोडवावयाचा, आणि तो अल्पमताच्या सरकारनें, असा हा योग जुळून आला.

त्यांतहि पेंच पडला तो आयर्लंडचा. इंग्लंडच्या इतिहासाचा ज्यानें थोडा देखील परिचय करून घेतला आहे, त्याला याचें आश्चर्य वाटणार नाहीं. इंग्लंड ज्या ज्या वेळीं आपल्याच घराचा विचार करूं लागतें त्या त्या वेळीं आयर्लंड उंबरठ्यावर उभें असतें. आयर्लंडचें प्रजासत्ताक संघांत राहणार, उत्तर आयर्लंड ब्रिटनबरोबर बाहेर पडणार. म्हणजे या दोहोंमधील सुमारें ५०० किलोमीटरांची सरहद्द ही युरोपीय संघाचीच सरहद्द होणार. जेथें जकात व मालाचे नियम भिन्न, तेथें नाकीं व तपासणी आलीच. परंतु तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ सालीं जो समेट झाला होता, त्याचा एक मोठा आधार ही सरहद्द जणुं पुसली गेली होती हाच होता. तेथें पुन्हां चौक्या उभारण्यास कोणीच धजेना. तेव्हां मेबाईंनीं संघाशीं असें ठरविलें कीं, दुसरा उपाय सांपडेपर्यंत सर्व ब्रिटन संघाच्या जकातक्षेत्रांत राहील. या हमीमुळें आयर्लंडची सरहद्द मोकळी राहिली. पण बाहेर पडण्याचे कडवे पुरस्कर्ते खवळले, कारण त्यांच्या मतें हें दार उघडून उंबरठ्यावरच बसून राहण्यासारखें होतें. ज्यांच्या टेकूवर सरकार उभें होतें ते संघवादीहि विरोधी गेले.

या कराराला कॉमन्स सभेची संमति लागेल अशी तरतूद सभासदांनीं आधींच करून घेतली होती. डिसेंबर २०१७ मध्यें डॉमिनिक ग्रीव्ह या हुजूर पक्षाच्याच सभासदाची तशी दुरुस्ती ३०९ विरुद्ध ३०५ मतांनीं मंजूर झाली. त्या चार मतांचें मोल पुढें कळलें. १५ जानेवारी २०१९ रोजीं करार मतास टाकला गेला, तेव्हां २०२ सभासद अनुकूल व ४३२ प्रतिकूल निघाले. २३० मतांचा हा पराभव आधुनिक काळांतील कोणत्याहि ब्रिटिश सरकारच्या पराभवापेक्षां मोठा होता. १९२४ सालीं रॅम्से मॅक्डोनल्ड यांचें सरकार १६६ मतांनीं हरलें, तो तोंवरचा उच्चांक होता. विरोधकांत खुद्द हुजूर पक्षाचे ११८ सभासद होते. पूर्वींच्या काळीं इतक्या मोठ्या पराभवानंतर मंत्रिमंडळानें दुसऱ्याच दिवशीं राजीनामा दिला असता. येथें दुसऱ्या दिवशीं अविश्वासाचा ठराव आला, आणि तो ३२५ विरुद्ध ३०६ मतांनीं फेटाळला गेला! ज्या सभागृहाला मंत्रिमंडळाचें सर्वांत मोठें काम मान्य नव्हतें, त्याच सभागृहाला तें मंत्रिमंडळ मात्र हवें होतें.

पुढचे दोन महिने नकारांचा पाऊस पडला. १२ मार्चला करार दुसऱ्यांदां १४९ मतांनीं पडला. दुसऱ्या दिवशीं करारावांचून बाहेर पडण्यासहि सभागृहानें नकार दिला. १८ मार्चला अध्यक्ष जॉन बर्को यांनीं इ. स. १६०४ पासून चालत आलेल्या प्रघाताचा हवाला देऊन बजावलें कीं, एकदां निकालांत निघालेला प्रश्न त्याच अधिवेशनांत जसाच्या तसा पुन्हां आणतां येणार नाहीं. २९ मार्चला, म्हणजे ज्या दिवशीं संघ सोडावयाचा होता त्याच दिवशीं, कराराचा एक भागच तेवढा पुढें आणण्यांत आला. तोहि ५८ मतांनीं पडला. एप्रिलच्या तीन तारखेस मुदतवाढ मागण्याचें बिल सरकारचा विरोध असतां ३१३ विरुद्ध ३१२, म्हणजे एका मतानें, संमत झालें. त्याच दिवशीं दुसऱ्या एका दुरुस्तीवर ३१० विरुद्ध ३१० अशीं समसमान मतें पडून अध्यक्षांना आपलें निर्णायक मत द्यावें लागलें. तराजूचा कांटा इतका मध्यावर येऊन थांबल्याचें दृश्य विरळाच पाहावयास मिळतें.

आमच्या मतें या सर्व प्रकरणाचा गाभा मात्र २७ मार्च व १ एप्रिल या दोन दिवसांत आहे. सरकारला मार्ग सांपडत नाहीं तर आम्हीच शोधतों, असें म्हणून सभासदांनीं ऑलिव्हर लेट्विन यांच्या पुढाकारानें सभेच्या कामकाजाचा ताबा मंत्रिमंडळाच्या हातून काढून घेतला. पहिल्या दिवशीं आठ पर्याय मतास टाकले, आठहि पडले. दुसऱ्या दिवशीं चार टाकले; चारहि पडले. केनेथ क्लार्क यांची जकातसंघाची सूचना २७३ विरुद्ध २७६, अशी अवघ्या तीन मतांनीं हुकली. कराराला पुन्हां लोकांची संमति घ्यावी ही सूचना १२ मतांनीं पडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या काँदोर्से या गणितज्ञानें दाखवून दिलें होतें कीं, दोहोंहून अधिक पर्याय असले म्हणजे बहुमत ही सरळ साधी गोष्ट राहत नाहीं. त्या कोरड्या सिद्धांताचें जिवंत प्रात्यक्षिक त्या दोन दिवसांत सभागृहांत झालें.

कोणी विचारील कीं, हे सभासद हट्टी होते काय? हट्ट होताच, पण त्यामागें एक हिशेब होता. प्रत्येक गटाला असें वाटत होतें कीं, समोरचा मधला मार्ग बंद केला तर शेवटीं उरेल तो आपला मार्ग. कडव्या गटाची नजर घड्याळाकडे होती. कांहीं न ठरलें तर करारावांचून सुटका होईल असा त्याचा होरा. राहण्याच्या पक्षपात्यांची नजर दुसऱ्या सार्वमताकडे होती; कांहीं न ठरलें तर प्रश्न पुन्हां लोकांकडे जाईल असा त्यांचा अंदाज. मजूर पक्षाची नजर निवडणुकीकडे होती. नकार देण्यास किंमत पडत नव्हती आणि होकार देण्यास पुष्कळ पडत होती. अशा बाजारांत नकारच खपावयाचा. निराळ्या हेतूंनीं दिलेले हे नकार मोजतांना मात्र एकच होत, आणि त्यांची बेरीज प्रत्येक वेळीं बहुमत भरे.

त्यांतच जुन्या यंत्राचा एक खटका काढून टाकलेला होता. पूर्वीं मुख्य प्रधान एखादा ठराव विश्वासाचा ठराव करून सभासदांस म्हणूं शकत असे, “हा मान्य करा, नाहीं तर निवडणुकीस चला.” २०११ च्या कायद्यानें मुदतीपूर्वीं निवडणूक घेण्यास सभागृहाच्या दोनतृतीयांश मतांची अट घातली. १८४६ सालीं पील यांनीं धान्यावरील जकात उठवितांना आपला पक्ष फोडून घेतला. १८८६ सालीं ग्लॅडस्टन यांचें आयर्लंडच्या स्वराज्याचें बिल त्यांच्याच पक्षांतील फुटीनें तीस मतांनीं पडलें. पक्षांच्या भिंती आडव्या कापीत जाणारा प्रश्न पूर्वींहि आला होता. पण पील यांना विरोधकांच्या मतांवर कायदा संमत करून घेतां आला, आणि ग्लॅडस्टन यांना लगेच मतदारांकडे जातां आलें. मेबाईंना पहिली गोष्ट साधली नाहीं, आणि दुसरीचा मार्ग अरुंद झालेला होता. २४ मे २०१९ रोजीं त्यांनीं पद सोडण्याचें जाहीर केलें.

२४ जुलैला बोरिस जॉन्सन मुख्य प्रधान झाले, आणि कोंडीचें रूपांतर झुंजींत झालें. त्यांच्या सल्ल्यावरून राणीनें पार्लमेंट पांच आठवडे तहकूब केलें. ३ सप्टेंबरला सभासदांनीं पुन्हां कामकाजाचा ताबा घेतला. त्या मतदानांत सरकारविरुद्ध गेलेल्या २१ सभासदांना जॉन्सन यांनीं पक्षाच्या गटांतून काढून टाकलें. त्यांत माजी अर्थमंत्री होते, आणि विन्स्टन चर्चिल यांचे नातूहि होते. करारावांचून बाहेर पडण्यास मज्जाव करणारा कायदा मात्र संमत झाला. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं एकमतानें निकाल दिला कीं, तहकुबीचा सल्ला बेकायदेशीर होता व म्हणून तहकुबीच झालेली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सभागृह पूर्ववत् भरलें. लोकांच्या नांवानें राज्य करणाऱ्या मंत्र्यालाहि लोकप्रतिनिधींचें तोंड बंद करतां येत नाहीं, हा त्या निकालाचा आशय आम्हांस फार मोलाचा वाटतो.

ऑक्टोबरांत जॉन्सन यांनीं नवा करार आणला. आयर्लंडच्या बेटावरील सरहद्द मोकळी ठेवण्यासाठीं तपासणी समुद्रावर, म्हणजे ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामध्यें, नेण्यांत आली. एकाच राज्याच्या दोन भागांमध्यें अशी रेघ ओढण्यास कोणताहि ब्रिटिश मुख्य प्रधान मान्यता देणार नाहीं, असें मेबाईंनीं २०१८ सालीं सांगितलें होतें. आणि त्याच वर्षीं जॉन्सन यांनीं संघवादी पक्षाच्या परिषदेंत जाऊन तेंच बजावलें होतें. पेंच सुटला नव्हता. तो एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला होता. २२ ऑक्टोबरला बिलाचें दुसरें वाचन ३२९ विरुद्ध २९९ मतांनीं संमत झालें. करार अमलांत आणण्याच्या बाजूनें पडलेलें हें पहिलें बहुमत. परंतु तें तीन दिवसांत उरकण्यास सभागृह राजी झालें नाहीं. पुन्हां मुदतवाढ आली, आणि अखेर सर्व पक्ष निवडणुकीस कबूल झाले.

१२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकींत हुजूर पक्षाला ६५० पैकीं ३६५ जागा मिळाल्या. ३१ जानेवारी २०२० रोजीं रात्रीं ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडलें. कोंडी फुटली खरी. पण ती कशानें फुटली हेंहि लक्षांत ठेवावें. हुजूर पक्षाला मिळालेलीं मतें शेंकडा ४३·६ होतीं. म्हणजे देशाचें मतैक्य झालें म्हणून मार्ग निघाला नाहीं. ज्याला सर्वांत अधिक मतें तो निवडून, या तेथील निवडणूकपद्धतीनें एका बाजूला सभागृहांत भक्कम बहुमत दिलें म्हणून निघाला. समुद्रावरच्या त्या रेघेचें भांडण पुढेंहि धुमसत राहिलें, आणि २०२३ सालीं विंडसर येथें नवी तडजोड करावी लागली.

अशा मोठ्या घडामोडींची झळ कोठकोठें पोंचते पाहा. गोवा मुक्त होण्यापूर्वीं तेथें जन्मलेल्यांस व त्यांच्या मुलानातवांस पोर्तुगीज नागरिकत्व मिळविण्याचा मार्ग पोर्तुगालच्या कायद्यानें मोकळा ठेविला होता. त्या आधारें अनेक गोंयकार कुटुंबें युरोपीय नागरिक म्हणून इंग्लंडांत, विशेषतः स्विंडन शहरांत, जाऊन वसलीं. लंडनच्या सभागृहांत एकेका मतानें जें हेलकावे घेत होतें त्यांत या कुटुंबांचें उद्यांचें घरहि होतें. २०२० सालच्या अखेरीपर्यंत जे पोंचले त्यांस अर्ज करून राहतां आलें. मागून निघणाऱ्यांस तो रस्ता बंद झाला. सभासदांच्या हिशेबांत मुदतवाढीचा महिना हा डावपेंचाचा महिना असतो. सामान्य कुटुंबाच्या हिशेबांत तो न झोंपलेल्या रात्रींचा असतो. पार्लमेंटाच्या विलंबाचें समर्थन करतांना ही किंमत विसरून चालणार नाहीं.

तरीहि त्या विलंबाचें कांहीं समर्थन आहे असें आम्हांस वाटतें, आणि तें आपल्या देशाच्या अनुभवाशीं ताडून पाहिल्यास अधिक स्पष्ट होतें. १९८५ सालच्या घटनादुरुस्तीनें आपल्याकडे दहावें परिशिष्ट आलें. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचें सभासदत्व जाऊं शकतें, असें तें परिशिष्ट सांगतें. हा नियम लंडनमध्यें असता, तर १५ जानेवारी २०१९ रोजीं त्या ११८ सभासदांपुढें सभासदत्व कीं मत असा प्रश्न उभा राहिला असता, आणि कोंडी बहुधा त्याच रात्रीं संपली असती. कारभार सुरळीत झाला असता यांत शंका नाहीं. परंतु ज्या सभासदाला आपलें मत देतांच येत नाहीं, त्याला निवडून धाडण्याचें प्रयोजन काय? एडमंड बर्क यांनीं १७७४ सालीं ब्रिस्टलच्या मतदारांस बजावलें होतें कीं, प्रतिनिधीनें मतदारांना आपले श्रमच नव्हे तर आपली विवेकबुद्धिहि द्यावयाची असते. सहा वर्षांनीं तो मतदारसंघ त्यांना सोडावा लागला. विवेकाची किंमत पडते, ती अशी. पक्षांतरांच्या बाजाराला आळा घालण्यासाठीं आपण नियम केला हें योग्यच. पण बाजारासाठीं केलेली मत बदलण्याची बंदी आणि सद्बुद्धीनें दिलेल्या विरोधी मताची बंदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या नियमानें दोहोंना एकाच दाव्यास बांधलें आहे. कोंडी टाळण्याची ही फार महाग रीत आहे.

तेव्हां दोष कोणाचा? आमचा निर्णय असा कीं, पार्लमेंट निवड करण्यांत अपेशी ठरलें, परंतु तें लबाड ठरलें नाहीं. ज्या प्रश्नाला देशांत एकच उत्तर नव्हतें, त्या प्रश्नाला एकच उत्तर असल्याचा बहाणा त्यानें केला नाहीं. आरशांत चेहरा वेडावांकडा दिसला म्हणून आरसा फोडण्यांत अर्थ नसतो. खरा दोष २०१६ च्या उन्हाळ्याहून आधींचा आहे. पक्षांतर्गत कलह मिटविण्यासाठीं लोकांना प्रश्न विचारला गेला. प्रश्न विचारतांना उत्तराची रूपरेषा आंखली गेली नाहीं. आणि उत्तर आल्यावर, निसटत्या बहुमतानें जिंकलेल्यांनीं हरलेल्या जवळजवळ निम्म्या देशाशीं बसून मधला मार्ग काढण्याचा प्रयत्न वेळेवर केला नाहीं. मेबाईंनीं विरोधी पक्षाशीं बोलणीं सुरूं केलीं तीं एप्रिल २०१९ मध्यें, म्हणजे करार तीनदां पडल्यावर. तोंवर प्रत्येकाच्या पायांखालची जमीन दगडासारखी घट्ट झाली होती.

लोकांचा कौल हा राज्यकारभाराचा आरंभ आहे. तो राज्यकारभाराचा पर्याय नव्हे. हो किंवा नाहीं एवढें लोक सांगूं शकतात, आणि तें त्यांनीं सांगितलें पाहिजे. पण कोणत्या अटींवर, किती मुदतींत, कोणाच्या पदरीं किती नुकसान घालून, हें ठरविण्यासाठीं माणसांनीं एकत्र बसावें लागतें, एकमेकांचें ऐकावें लागतें, आणि आपल्या पहिल्या इच्छेहून कमी घेऊन उठावें लागतें. त्यासाठींच सभागृहें बांधलेलीं असतात. आपल्याकडेहि लोकेच्छेचा जयघोष करून सभागृहांना बाजूला सारण्याचा मोह पुढाऱ्यांना वेळोवेळीं होतो. तसा प्रसंग येईल तेव्हां सुजाण नागरिकांनीं पुढाऱ्याला एवढेंच विचारावें: आम्हांला विचारलेला प्रश्न पुरा आहे काय, आणि आमच्या उत्तराचा अर्थ उद्यां कोण ठरविणार?